आधी काय, मग काय: वेबपानावरचे फोटो, व्हिडिओ आणि स्क्रिप्ट गरजेपुरते कसे मागवायचे

गुहागरजवळ माझ्या मामाचं घरगुती निवासस्थान आहे. त्याची वेबसाइट मी केली, हौसेने. मुख्य पानावर अंगण, माडांची वाडी, समुद्र, उकडीचे मोदक आणि ओटीवर पसरलेली मांजर असे ४६ फोटो होते. शिवाय दोन यूट्यूब व्हिडिओ, गुगलचा नकाशा आणि कोपऱ्यात चॅटचा गोळा. पुण्यात घरच्या वायफायवर पान झकास दिसायचं. मग एक दिवस मामाचा फोन आला. "अगं, गिऱ्हाईक म्हणतंय साइट उघडतच नाही. कोकण रेल्वेत बसलाय तो. दोन बोगद्यांच्या मधे जेवढं नेटवर्क मिळतंय तेवढ्यात बघतोय."

फोटो मी फोनच्या कॅमेऱ्यातून थेट चढवले होते, एकेक चार-पाच एमबीचा. म्हणजे खोलीचं भाडं बघायला आलेल्या माणसाच्या माथी मी दोनशे एमबी मारत होते, आणि त्यातले बहुतेक फोटो तो खाली जाऊन बघणारही नव्हता. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो पडद्याजवळ येईल तेव्हाच तो मागवणं, हा उपाय मला तेव्हा समजला. घाईघाईने मी तो सगळ्या फोटोंना सरसकट लावला. पान हलकं झालं, पण माथ्यावरचा समुद्राचा फोटो पांढऱ्या चौकोनातून उशिराच उगवायला लागला. त्या चुकीतून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

लेझी म्हणजे आळशी हे खरं, पण कामाची रीत पंगतीच्या वाढप्याची आहे. पहिली पंगत बसलेली असताना तिसऱ्या पंगतीच्या पानांवर कोणी भात वाढत नाही. मात्र बसलेल्या पंगतीला ताटकळत ठेवलं तर यजमानाची शोभा होते. तेव्हा खालचं नंतर आणा, आणि वरचं आधी व लवकर आणा. नवखी माणसं यातला पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात. मीही विसरले होते.

हाताशी काय हवं

- संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स. डेव्हलपर टूल्स त्यातच असतात.
- पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं त्यात, हात घालायची सोय. वर्डप्रेस असेल तर ॲडमिनचा पासवर्ड आणि चालू थीमचं नाव.
- साइटची पूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप. हे करायचा कंटाळा येतो. तरी करा.
- फोटो आटवायचं साधन. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं आणि फुकट आहे.
- एक साधा, दोन-तीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन. तुमचा नवा महागडा फोन या कामाला उपयोगी नाही, तो सगळंच झटपट दाखवतो.

## १. आधी मोजा

क्रोममध्ये नवी खाजगी खिडकी उघडा, म्हणजे एक्स्टेंशनची लुडबूड होणार नाही. पान उघडा, एफ १२ दाबा आणि नेटवर्क टॅबवर जा. 'डिसेबल कॅश'वर टिक करा, म्हणजे ब्राउझर आधी साठवून ठेवलेल्या प्रती वापरणार नाही. शेजारच्या यादीतून वेग 'स्लो ४जी' निवडा. आता पान पुन्हा लोड करा आणि हात मांडीवर ठेवून बसा. खाली स्क्रोल करू नका.

सगळ्यात खालच्या पट्टीवर किती विनंत्या गेल्या आणि किती एमबी आले ते दिसेल. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. मग यादी आकारानुसार लावा. मोठ्या फायली वर येतील आणि गुन्हेगार कोण ते पहिल्या पाच ओळींतच कळेल. माझ्या पानावर सगळ्यात वजनदार फोटो त्या मांजरीचा निघाला.

दुसरं, गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पानाचा पत्ता टाका. तिथे तीन मापं महत्त्वाची. पानावरची सगळ्यात मोठी दिसणारी गोष्ट किती वेळात आली हे सांगणारं माप म्हणजे एलसीपी. ते २.५ सेकंदांच्या आत असावं. मजकूर किती हलला हे सांगतो सीएलएस, तो ०.१च्या आत. बोट लावल्यावर पानाने किती वेळात प्रतिसाद दिला ते आयएनपी सांगतो, तो २०० मिलिसेकंदांच्या आत. हे शेवटचं माप मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी आलं, त्यामुळे त्याआधीच्या लेखांत एफआयडी वाचलं तर गोंधळू नका.

## २. फोटो हलके करा, लेझीचं नंतर

लेझी लोडिंगने फोटोचं वजन कमी होत नाही, फक्त तो उशिरा येतो. पाच एमबीचा फोटो नंतर आला तरी पाच एमबीचाच असतो, आणि स्क्रोल करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो.

मजकुराचा रकाना ८०० पिक्सेल रुंद असेल तर १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो दाट पडद्यांनाही पुरतो. फोनचा कॅमेरा देतो चार हजार. तेव्हा आधी रुंदी कमी करा, मग वेबपी या प्रकारात साठवा. दर्जा ७५च्या आसपास ठेवून डोळ्यांनी पाहा. समुद्र आणि आभाळ यांच्या रंगात पट्टे दिसले तर थोडा वाढवा. एव्हिफ याहून लहान फाइल देतो, पण फोटो आटवायला वेळ जास्त घेतो. घरगुती साइटला वेबपी पुरे.

जमलं तर इमेज टॅगमधला एसआरसीसेट हा गुणधर्म वापरून प्रत्येक फोटोच्या तीन-चार रुंदीच्या प्रती द्या. मग फोनवर लहान आणि संगणकावर मोठी प्रत उचलण्याचं काम ब्राउझर करतो. वर्डप्रेस हे आपणहून करतं, फक्त फोटो मीडिया लायब्ररीतून घातलेला हवा.

## ३. पहिल्या पडद्यावर काय आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. मी दिला नव्हता.

पान उघडल्यावर बोट न लावता जे दिसतं तो पहिला पडदा. फोनवर पाहा, कारण तुमचे बहुतेक पाहुणे तिथूनच येणार. त्या पडद्यात सगळ्यात मोठं काय आहे, फोटो की मथळा? पेजस्पीडच्या अहवालात एलसीपीचा घटक नावानिशी दाखवलेला असतो. तो फोटो असेल तर त्याला लेझी लावायचं नाही. लोगोलाही नाही, आणि पहिल्या पडद्यात अर्धवट डोकावणाऱ्या फोटोलाही नाही.

का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. ब्राउझर एचटीएमएल वाचत असताना त्याचा एक टेहळ्या पुढे धावत असतो. वाटेत फोटोचा पत्ता दिसला की तो लगेच मागणी नोंदवतो, पानाची मांडणी होईपर्यंत थांबत नाही. लेझी लिहिलेला फोटो दिसला की मात्र टेहळ्या त्याला वगळतो. कारण फोटो पडद्यावर आहे की खाली, हे मांडणी झाल्याशिवाय कळत नाही. मांडणीला सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारे नियम, लागतं आणि ते यायचं असतं. म्हणजे जो फोटो सगळ्यांआधी निघायला हवा होता, तो सीएसएस येऊन मांडणी लागेपर्यंत दारात उभा. माझा समुद्र याच रांगेत अडकला होता.

त्या एका फोटोला उलट पुढे ढकला. इमेज टॅगमध्ये फेचप्रायॉरिटी नावाचा गुणधर्म लिहा आणि त्याची किंमत हाय ठेवा. क्रोममध्ये हा २०२२ पासून आहे, पुढे सफारी आणि फायरफॉक्सनेही घेतला. पण हे एकाच फोटोला करा, फार तर दोन. सगळ्यांनाच व्हीआयपी पास दिले की रांग पुन्हा होती तेवढीच.

वर्डप्रेसवाल्यांसाठी थोडा इतिहास. ५.५ या आवृत्तीने, ऑगस्ट २०२० मध्ये, फोटोंना आपोआप लेझी लावायला सुरुवात केली आणि वरच्या फोटोलाही लावलं. म्हणजे माझ्याच चुकीची मोठी आवृत्ती. जानेवारी २०२२ मधल्या ५.९ने मजकुरातला पहिला फोटो वगळला. ऑगस्ट २०२३ मधल्या ६.३ने मोठ्या फोटोला फेचप्रायॉरिटी हाय द्यायलाही सुरुवात केली. तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वरचा फोटो पेज बिल्डरने, म्हणजे कोड न लिहिता पान रचून देणाऱ्या साधनाने, किंवा थीमने आपल्या पद्धतीने घातला असेल तर वर्डप्रेसचा अंदाज चुकतो. पानाचा सोर्स उघडा आणि टॅग स्वतः वाचा.

## ४. खालच्या फोटोंना लेझी लावा

हे सगळ्यात सोपं. इमेज टॅगमध्ये लोडिंग हा गुणधर्म, त्याची किंमत लेझी. दोन्ही शब्द इंग्रजी लहान अक्षरांत. लायब्ररी नको, प्लगइन नको. क्रोमने हे २०१९ मध्ये दिलं, फायरफॉक्सने २०२० मध्ये, सफारीने २०२२ मध्ये. जुन्या ब्राउझरला हा गुणधर्म कळला नाही तर तो दुर्लक्ष करतो आणि फोटो नेहमीसारखा आणतो. बिघडत काहीच नाही.

ब्राउझर फोटो अगदी दिसायच्या क्षणापर्यंत थांबत नाही. क्रोम चांगल्या नेटवर्कवर १२५० पिक्सेल आधीपासून मागणी करतो आणि संथ नेटवर्कवर २५०० पिक्सेल आधीपासून. म्हणून लहान पानावर लेझी लावूनही सगळे फोटो लगेच आले तर 'चालत नाही' म्हणून डोकं धरून बसू नका. ते सगळे त्या अंतराच्या आतच असतील.

आता खाचखळगे.

पिक्चर टॅग वापरत असाल तर लोडिंग आतल्या इमेज टॅगवर लिहायचं. सोर्स टॅगवर लिहिलेलं वाया जातं.

जावास्क्रिप्टने, म्हणजे पानावर चालणाऱ्या कोडने, फोटो तयार करत असाल तर आधी लोडिंग लिहा, मग एसआरसी, म्हणजे फोटोचा पत्ता. एसआरसी लिहिताक्षणी मागणी सुटू शकते, मग मागून लेझी म्हणून उपयोग नाही.

फोटो सरकवणाऱ्या स्लायडरमध्ये दुसरा फोटो बऱ्याचदा ऐनवेळी येतो, कारण तो पानाच्या खाली नसतो, बाजूला झाकलेला असतो. स्लायडर पानाच्या माथ्यावर असेल तर पहिला फोटो नेहमीसारखा, बाकीचे लेझी, आणि पहिला आल्यावर दुसरा स्क्रिप्टने मागवून ठेवा. खरं तर माथ्यावर स्लायडर ठेवूच नका. मामाच्या साइटवरचा काढला, तेव्हा कोणीही विचारलं नाही की तो कुठे गेला.

जुनं लेझी प्लगइन आधीपासून असेल तर ते बंद करा. ते खरा पत्ता एसआरसीऐवजी डेटा-एसआरसीत लपवतं आणि स्क्रिप्ट चालल्यावर परत जागेवर ठेवतं. त्यावर ब्राउझरचं लेझी चढलं की एकाच फोटोला दोन कुलपं लागतात. शिवाय ती स्क्रिप्ट कुठे अडखळली तर सगळं पान फोटोविना.

## ५. रुंदी आणि उंची लिहाच

प्रत्येक फोटोच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहा, नुसते आकडे, पुढे पीएक्स नको. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ऑटो ठेवा. मग ब्राउझर दोन आकड्यांचं प्रमाण काढतो आणि फोटो यायच्या आधीच जागा राखतो. नाही लिहिलं तर वाचणारा 'जेवणाचे दर' वाचत असतो, वर एक फोटो येऊन बसतो आणि ओळ बोटाखालून सटकते.

याहून छुपा एक तोटा आहे आणि त्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली. गॅलरीतल्या ४० फोटोंना लेझी लावलं होतं, तरी नेटवर्क टॅबमध्ये चाळीसच्या चाळीस एकदम येत होते. टॅग तपासले, बरोबर. कॅश पुसली, तेच. शेवटी एलिमेंट्स टॅबमध्ये एका फोटोवर माउस नेला आणि आकार दिसला: रुंदी शून्य, उंची शून्य. मापं लिहिलीच नव्हती. त्यामुळे न आलेला प्रत्येक फोटो ब्राउझरच्या लेखी एक ठिपका. चाळीस ठिपके एकाखाली एक रचले तरी उंची जवळपास नाहीच. म्हणजे सगळे पहिल्या पडद्याजवळच, म्हणजे सगळे मागवा! मापं लिहिली आणि मागण्यांचा ओघ तिथल्या तिथे थांबला.

## ६. सीएसएसमधले बॅकग्राउंड फोटो

लोडिंग हा गुणधर्म इमेज आणि आयफ्रेम (पानाच्या आत दुसरं पान दाखवणारी चौकट) या टॅगसाठी. सीएसएसमध्ये बॅकग्राउंड म्हणून घातलेल्या फोटोला तो लागत नाही. पेज बिल्डर असे फोटो सर्रास वापरतात आणि प्लगइनलाही ते दिसत नाहीत.

पहिला उपाय असा की फोटो खरोखर मजकुराचा भाग असेल तर त्याला साध्या इमेज टॅगमध्ये आणा. फोटोला पर्यायी मजकूरही देता येतो, पडदावाचक वापरणाऱ्यांना तो ऐकू येतो.

ते शक्य नसेल तर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर. हा ब्राउझरचाच पहारेकरी आहे. एखादा विभाग पडद्याजवळ आला की तो तुमच्या फंक्शनला हाक मारतो. फंक्शनने विभागाला एक क्लास लावायचा, आणि बॅकग्राउंड फोटोचा पत्ता त्या क्लासच्या नियमातच लिहून ठेवायचा. किती आधी हाक मारायची ते रूटमार्जिनमध्ये सांगता येतं, उदाहरणार्थ वर-खाली ३०० पिक्सेल. तिथे एकक लिहायला विसरलात तर सरळ एरर येतो. काम झालं की त्या विभागावरची नजर काढायला सांगा, नाहीतर विभाग आत-बाहेर गेला की दर वेळी हाका चालू राहतात.

स्क्रोलच्या घटनेवर स्वतः कान लावून मापं काढायची जुनी पद्धत वापरू नका. एकेका स्क्रोलला ती शंभरदा चालते आणि साध्या फोनला घाम फोडते.

## ७. व्हिडिओ आणि नकाशा

स्वतःच्या सर्व्हरवरचा व्हिडिओ असेल तर प्रीलोडची किंमत नन ठेवा आणि पोस्टर म्हणून एक फोटो द्या. मग प्ले दाबेपर्यंत व्हिडिओचा एक बाइटही येत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पोस्टरचा फोटो मात्र लगेच येतो, म्हणून तोही आटवलेला हवा. आणि ऑटोप्ले लावलं असेल तर प्रीलोडला कोणी विचारत नाही, व्हिडिओ येतोच.

यूट्यूबचा आयफ्रेम वेगळा. नुसता प्लेअर मांडायला तो अर्ध्या एमबीहून जास्त सामान आणतो, कोणी प्ले दाबो वा न दाबो. आयफ्रेमलाही लोडिंग लेझी चालतं. सफारीत २०२३च्या मार्चपासून आणि फायरफॉक्समध्ये त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून. पहिली पायरी म्हणून तेच करा, एका शब्दाचं काम आहे.

त्याहून चांगलं म्हणजे दर्शनी पाटी लावणं. व्हिडिओच्या जागी फक्त त्याचा फोटो आणि वर प्लेचं चिन्ह. बोट लावलं की खरा प्लेअर मागवायचा. लाइट यूट्यूब एम्बेड नावाचा तयार घटक हेच करतो. पाटी स्वतः करणार असाल तर ती बटन टॅगमध्ये करा आणि तिला नाव द्या, म्हणजे कीबोर्डवरूनही दाबता येते. फोनवर कधी कधी दोनदा दाबावं लागतं, पहिल्यांदा प्लेअर येतो आणि दुसऱ्यांदा व्हिडिओ सुरू होतो. हा तोटा मी पत्करला.

नकाशासाठी मी काय केलं ते सांगते. मामाने वहीच्या कागदावर चिपळूणहून शृंगारतळीमार्गे येणारा रस्ता काढला. कुठे वळायचं, कुठला आंबा उजव्या हाताला ठेवायचा, सगळं त्यात होतं. त्याचा फोटो टाकला आणि खाली 'गुगल मॅप्समध्ये उघडा' असा साधा दुवा. पानावरून नकाशाची आयफ्रेम गेली, आणि वाट चुकून फोन करणारेही कमी झाले.

## ८. स्क्रिप्ट: इथे हात जपून

फोटो चुकला तर उशिरा दिसतो. स्क्रिप्ट चुकली तर बटनच मरतं. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पान तपासा.

साधी स्क्रिप्ट हेडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या सुरुवातीच्या भागात, असेल तर ब्राउझर तिथेच थबकतो. ती उतरवतो, चालवतो, मगच पुढचं एचटीएमएल वाचतो. यावर दोन शब्द आहेत. डिफर म्हणजे बाजूला उतरवून ठेव आणि पान वाचून झाल्यावर लिहिलेल्या क्रमाने चालव. असिंक म्हणजे उतरताक्षणी चालव, क्रमाची हमी नाही. एकमेकींवर अवलंबून असलेल्या स्क्रिप्टना डिफर. आपल्या आपण चालणाऱ्या, पाहुणे मोजण्यासारख्या स्क्रिप्टला असिंक. शंका आली की डिफर.

नेहमीचा अपघात असा होतो. जेक्वेरी या तयार स्क्रिप्ट लायब्ररीला असिंक लावलं. तिच्यावर चालणारी मेनूची स्क्रिप्ट लहान, म्हणून आधी पोचली. डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये लाल ओळ: डॉलर इज नॉट डिफाइन्ड. मेनू उघडत नाही. गंमत म्हणजे दुसऱ्यांदा पान उघडलं की जेक्वेरी कॅशमधून लगेच येते आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणजे तुम्हाला दिसत नाही, नव्या पाहुण्याला दिसतं. डिफर लावूनही असाच फटका बसू शकतो, कारण पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टला डिफर लागू होत नाही. ती वाटेतच चालते आणि जेक्वेरी अजून आलेली नसते. वर्डप्रेसमध्ये ६.३ पासून स्क्रिप्ट नोंदवतानाच डिफर की असिंक हे सांगता येतं. स्वतःची थीम लिहीत असाल तर तोच मार्ग घ्या.

यानंतर सगळ्या स्क्रिप्टची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही कोणाला, कधी लागते? माझी यादी अशी झाली.

मेनू आणि चौकशीचा फॉर्म लगेच लागतो, म्हणून डिफर. तारखा निवडायचं कॅलेंडर तारखेच्या चौकटीला बोट लावल्यावरच लागतं, म्हणून डायनॅमिक इम्पोर्टने त्याच वेळी मागवायचं. गॅलरीत फोटो मोठा करून दाखवणारी स्क्रिप्टही तशीच, फोटोवर बोट लावल्यावर. चॅटच्या गोळ्यापुढे काही सुचेना. वर्षभरात त्यावर तीन जण बोलले होते, आणि त्यातला एक मीच, चालतो का बघायला. तो काढून टाकला आणि जागी व्हॉट्सॲपचा साधा दुवा ठेवला. त्याला स्क्रिप्ट लागत नाही आणि मामाला तो वापरताही येतो.

बोट लावल्यावर मागवायच्या स्क्रिप्टमध्ये एक जबाबदारी येते. नेटवर्क कच्चं असेल तर बोट लावल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही, माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो, आणि मग कॅलेंडर उघडून लगेच मिटतं. म्हणून पहिल्या दाबाला 'थांबा, उघडतंय' असं दाखवा. फाइल आलीच नाही तर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणा, आणि शेजारी फोन नंबर असू द्या.

काही प्लगइनमध्ये सगळ्या स्क्रिप्ट पहिल्या स्पर्शापर्यंत रोखून धरायची सोय असते. पेजस्पीडचा आकडा हिरवागार होतो आणि लावणारा खूश. पण पाहुण्याचा पहिला स्पर्श बऱ्याचदा मेनूवर असतो, आणि तो स्क्रिप्ट जागं करण्यातच खर्ची पडतो. मेनू दुसऱ्या स्पर्शाला उघडतो. ही सोय वापरायचीच असेल तर मेनू, फॉर्म आणि पैसे भरायचं बटन यांच्या स्क्रिप्ट वगळा. पाहुणे मोजणारी स्क्रिप्ट अशी रोखली तर पान बघून काहीही न दाबता गेलेले लोक मोजलेच जात नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

## ९. मराठी पानांसाठी: फॉन्ट

देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार वेगळे ठेवावे लागतात, त्यामुळे फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच जड असते. त्यात साधा, ठळक, जास्त ठळक अशी चार वजनं मागवली की चार जड फायली. दोन वजनांत भागवा. फॉन्ट-डिस्प्लेची किंमत स्वॅप ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर वाचता येतो.

युनिकोड-रेंज, म्हणजे फॉन्टची फाइल कोणत्या अक्षरांसाठी आहे ते, लिहिलं असेल तर ब्राउझर इथेही पंगतीचा नियम पाळतो. पानावर देवनागरी अक्षर असेल तरच देवनागरी फाइल मागवतो. गुगल फॉन्ट्सवरून घेतलेल्या फॉन्टना ही सोय आधीच असते.

## १०. पुन्हा मोजा, मग फोनवर पाहा

पहिल्या पायरीतली मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा आणि आकडे त्याच कागदावर शेजारी लिहा. मग नेटवर्क टॅब उघडा ठेवून हळूहळू खाली या. फोटोंच्या मागण्या थोड्या थोड्या येताना दिसल्या पाहिजेत. मग पान झपकन तळाशी ओढा. रिकामे चौकोन किती वेळ दिसतात? नेटवर्क टॅबच्या मथळ्यावर उजवी टिचकी मारून प्रायॉरिटीचा रकाना उघडा. माथ्यावरच्या फोटोपुढे हाय लिहिलेलं हवं.

जावास्क्रिप्ट बंद करूनही एकदा पाहा. लेझी लावलेले फोटो तेव्हा सगळे एकदम येतात, आणि ते तसंच ठरवलेलं आहे. कुठला फोटो कधी मागवला यावरून माणूस कुठवर वाचत गेला हे सर्व्हरला कळू शकतं. ज्याने स्क्रिप्टच बंद ठेवली त्याच्यावर अशी नजर राहू नये, म्हणून ब्राउझर तेव्हा लेझी पाळत नाहीत.

गुगलचा शोधयंत्रणेचा बॉट पान स्क्रोल करत नाही आणि बटनंही दाबत नाही. साध्या लोडिंग गुणधर्माने लावलेले फोटो त्याला दिसतात. पण 'आणखी वाचा' दाबल्यावरच सर्व्हरवरून येणारा मजकूर त्याच्यापर्यंत पोचत नाही. खोल्यांचे दर आणि पत्ता असा दडवू नका.

सगळ्यात शेवटी साधा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि जिथे नेटवर्कची एकच काडी येते अशा जागी जा. आमच्याकडे ती जागा म्हणजे मामाच्या वाडीतली विहीर. कठड्यापाशी उभं राहून पान उघडायचं, समुद्र दिसला की मनातल्या मनात मोजणं थांबवायचं, आणि मग मेनू, तारीख, चौकशीचा फॉर्म, व्हिडिओ या क्रमाने एकेक दाबून बघायचं. मामा शेजारी उभा राहून विचारतो, "मांजर आली का?" मांजर आता सगळ्यात खाली आहे. तिथवर गेलो तरच येते.